वाचनवेडी पात्रे आणि कुलूपबंद कपाटे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त १५ ऑक्टोबरला साजऱ्या झालेल्या वाचन प्रेरणा दिनाची छायाचित्रे आपल्या दैनिकात पाहिली. २०१५ पासून राज्यात हा दिवस पाळला जातो आणि दरवर्षीची छायाचित्रे साधारण एकाच घाटाची असतात. पटांगणात रांगेने बसलेली मुले, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक, मागे फलक आणि बाजूला उभे असलेले मान्यवर. या वर्षी काही शाळांनी कथा-कादंबऱ्यांतील वाचनवेड्या पात्रांची चित्रेही भिंतीवर लावल्याचे त्या बातम्यांत वाचले. मटिल्डा, हर्मायनी आणि आपला सखाराम गटणे एका ओळीत बसलेले पाहून गंमत वाटली. कल्पना चांगलीच आहे. परंतु उभी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेलेली असल्यामुळे त्यावर दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

ही पात्रे ज्या पुस्तकांतून आली आहेत ती पुस्तके लक्ष देऊन वाचली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांच्यापैकी कोणीही रांगेत बसून, हातात ठेवलेले पुस्तक सांगितलेल्या वेळेपुरते वाचत नाही. त्यांची पुस्तके त्यांनी स्वतः हुडकून काढलेली, मागून आणलेली, लपवलेली, क्वचित चोरलेल्या पैशांनी घेऊ पाहिलेली असतात. वाचनाची ओढ ज्या ज्या लेखकाने मनापासून रंगवली, त्याच्या हातून हा तपशील सुटलेला नाही. आपल्या शाळांच्या हातून मात्र नेमका तोच सुटतो, अशी माझी तक्रार आहे.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसचा डॉन किहोते. त्याच्या कथेचा पहिला भाग १६०५ मध्ये माद्रिदला प्रसिद्ध झाला. ला मांचातला हा पन्नाशीच्या घरातला गृहस्थ शूर सरदारांच्या अद्भुत कथांपायी शिकार विसरतो, घरची व्यवस्था विसरतो आणि पुस्तके घेण्यासाठी चांगली कसदार जमीन विकतो. पुस्तकांनी डोके फिरलेला माणूस म्हणून त्याचे नाव जगभर झाले. पवनचक्क्यांचा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्याच्या थोडे आधी येणारे सहावे प्रकरण मात्र फारसे कोणी सांगत नाही. किहोते थकून झोपलेला असताना गावचा पाद्री आणि न्हावी त्याच्या पुस्तकांच्या खोलीची झडती घेतात. पुस्तकांत दडलेले मांत्रिक सूड उगवतील या भीतीने घर सांभाळणारी बाई पवित्र पाण्याचे भांडे घेऊन येते. पुतणी म्हणते, एकही ठेवू नका, सगळी खिडकीतून अंगणात फेका आणि पेटवून द्या. पाद्रीबुवा मात्र एकेक पुस्तक हातात घेतात, त्याचे गुणदोष सांगतात आणि मगच निकाल देतात. अमादिस नावाच्या सरदाराची कथा तिच्या प्रकारातली सर्वोत्तम म्हणून आगीतून वाचते, तिरांत या दुसऱ्या सरदाराच्या कथेचे तर ते तोंड भरून कौतुक करतात आणि खुद्द सर्व्हांतेसचे एक पुस्तक हाती येते तेव्हा ‘लेखक माझा जुना स्नेही आहे’ म्हणून ते न्हाव्याच्या ताब्यात राखून ठेवायला सांगतात. म्हणजे जाळायला निघालेल्या माणसाने ती सगळी आवडीने वाचलेली आहेत! दुसऱ्याच्या वाचनावर पहारा बसवणाऱ्यांचे इतके नेमके आणि इतके हसतमुख चित्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

त्याहून मोलाचे ते पुढेच येते. पुस्तके जाळून झाल्यावर ही मंडळी त्या खोलीचे दार भिंत घालून बुजवतात आणि किहोतेला सांगतात की एका मांत्रिकाने खोलीच गायब केली. बिचाऱ्याला ते लगेच पटते, कारण त्याच्या कथांत असेच घडत असते. पण उपाय लागू पडत नाही. दोनेक आठवडे तो घरात शांत बसतो आणि मग शेजारच्या सांचो पांझाला बरोबर घेऊन पुन्हा बाहेर पडतो. जिच्यामुळे हे पुस्तक चारशे वर्षे टिकले ती जोडी जमते खोली बंद झाल्यानंतरच.

वाचनाने नुकसान झालेले दुसरे प्रसिद्ध पात्र म्हणजे फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तली एम्मा बोव्हारी. मठाच्या शाळेत असताना तिला कादंबऱ्या मिळतात त्या कपडे शिवायला येणाऱ्या एका वयस्कर अविवाहित बाईकडून. ती बाई एप्रनच्या खिशात एक तरी कादंबरी ठेवतेच, मोठ्या मुलींना गुपचूप वाचायला देते आणि कामाच्या मधल्या वेळात स्वतःही तीच वाचते. पुढे लग्नानंतर एम्माचे बिनसते तेव्हा सासू निदान करते की हे सगळे कादंबऱ्यांमुळे आहे, आणि रूआं शहरी जाऊन भाड्याने पुस्तके देणाऱ्याकडची सुनेची वर्गणी बंद करण्याचे ठरवते. त्याने ऐकले नाही तर पोलिसांत जाण्याचीही भाषा होते. गमतीचा भाग असा की १८५६ च्या अखेरीस ही कादंबरी नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी सरकारने लेखकावर नीतिभ्रष्टतेचा खटला भरला; सासूबाईंची धमकी सरकारने खरी केली म्हणायची. फेब्रुवारी १८५७ मध्ये फ्लोबेर निर्दोष सुटला. एम्माचे वाचन तिला बाधले हे मी नाकारत नाही. तसे नाकारणे म्हणजे पुस्तकांत काही ताकदच नाही असे म्हणण्यासारखे होईल. परंतु ती एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचत राहते आणि वाचलेल्याविषयी बोलावे असे तिला घरात कोणी मिळत नाही. नवरा भला आहे, पण त्याचा पुस्तकांशी संबंध नाही. माझ्या मते तिचे दुखणे कपाटाला कुलूप घालून बरे होणारे नव्हते.

आता मुलांकडे वळते. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ ची. तिच्या पहिल्याच प्रकरणात पावसाळी नोव्हेंबरातल्या एका दिवशी दहा वर्षांची जेन खिडकीच्या बैठकीवर मांडी घालून, लाल पडदा ओढून घेऊन बसली आहे. मांडीवर बिविकचे पक्ष्यांचे सचित्र पुस्तक आहे. मजकुरापेक्षा तिचे लक्ष चित्रांत आहे. उत्तर ध्रुवाकडचे ओसाड बर्फाळ किनारे, समुद्रात एकटा उभा असलेला खडक, फुटलेले जहाज. तेवढ्यात चौदा वर्षांचा मामेभाऊ जॉन येतो आणि बजावतो की आमची पुस्तके घेण्याचा तुला अधिकार नाही, तू आमच्या अन्नावर जगणारी आहेस. तेच पुस्तक तो तिला फेकून मारतो, ती दारावर आपटते आणि डोक्यातून रक्त येते. तेव्हा ती त्याला ओरडून सांगते की तू रोमन बादशहांसारखा आहेस. हे तिला सुचते, कारण तिने रोमचा इतिहास वाचलेला आहे आणि नीरो, कॅलिगुला यांच्याविषयी तिचे मत आधीच बनलेले आहे. शिक्षा अर्थातच तिलाच होते. पुस्तक कोणाच्या मालकीचे आणि ते वाचण्याचा हक्क कोणाचा, हा तंटा इतक्या लहान जागेत इतक्या पूर्णपणे मांडलेला मी अन्यत्र वाचलेला नाही.

आपल्याकडच्या वाचणाऱ्या मुलांत मला सर्वांत प्रिय आहे तो विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’तला अपू. ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. अपूच्या घरी दारिद्र्य आहे, पण वडील पौरोहित्य करणारे आणि लिहिणारे असल्यामुळे घरात जुन्या पोथ्या-पुस्तकांची पेटी आहे. महाभारतातला कर्ण त्याला इतका आवडतो की रथाचे चाक जमिनीत रुतते तिथे त्याचे डोळे भरून येतात. त्याच पेटीत त्याला ‘सर्वदर्शनसंग्रह’ नावाचे जुने पुस्तक सापडते आणि त्यात तो वाचतो की गिधाडाच्या अंड्यात पारा भरून ते काही दिवस उन्हात ठेवले आणि मग तोंडात धरले तर माणसाला आकाशात उडता येते. मग एका गुराखी पोराकडून पैसे आणि कवड्या देऊन तो ती अंडी मिळवतो, लपवून ठेवतो, आणि एके दिवशी बहिणीच्या, दुर्गाच्या, हातून ती नकळत फुटतात. दर्शनशास्त्राचा ग्रंथ म्हणजे मुलाच्या हाती देण्याचे पुस्तक नव्हेच. कोणत्याही शाळेच्या ‘वयोगट सहा ते दहा’च्या यादीत ते बसणार नाही. पण अपूचे सारे आकाश त्यातून उघडते. मुले पुस्तक चुकीचे वाचतात, नको तिथे विश्वास ठेवतात आणि त्या चुकीतूनच त्यांच्या मनाची जडणघडण होते, हे विभूतिबाबूंना ठाऊक होते.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत तर वाचन ही उघडपणे करण्याची गोष्टच नव्हती. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः लिहिते, आणि लिहिणारी स्त्री आधी वाचायला शिकलेली असते एवढ्या एका गोष्टीवर त्या कादंबरीची सारी उभारणी आहे. बंगाली लेखिका आशापूर्णादेवींच्या कादंबरीतली सुवर्णलता घरकामाच्या आणि टोमण्यांच्या रगाड्यात पुस्तके मिळवून वाचत राहते, मग स्वतः लिहिते, आणि चुकांनी भरलेले ते छापील पुस्तक घरातल्यांच्या थट्टेचा विषय होते तेव्हा आपल्याच हातांनी प्रती जाळून टाकते. ही पात्रे काल्पनिक असली तरी त्यांच्या घरांत काल्पनिक काही नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना, नवरा शिकवायला उत्सुक असूनही घरातल्या बायकांचा सुनेच्या वाचनाला किती विरोध होता, हे पुन्हा सांगायला नको.

आणि श्याम? संस्कारांचे पुस्तक म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हाती देतो त्या ‘श्यामची आई’मध्ये ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचे एक प्रकरण आहे. पुस्तके वाचून माणसे मोठी होतात असे मनाने घेतलेला श्याम पुस्तकासाठी घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरतो. आईला ते कळते आणि ती त्याला त्याची चूक दाखवते. प्रकरणाचा बोध चोरी करू नये हा आहे आणि तो योग्यच आहे. तरीही हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिताना साने गुरुजींना ही आठवण गाळाविशी वाटली नाही, याची नोंद घ्यावीशी वाटते. पुस्तकाची भूक काय असते हे त्यांना मुलांपासून लपवायचे नव्हते.

आता सखाराम गटणे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या गटण्याचे तर सामान्यनामच झाले, वर्गात कोणी पुस्तकात डोके घालून बसला की त्याला ‘काय गटणे’ म्हणण्याची पद्धत मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकली आहे. माझ्या मते हा गटण्यावर अन्याय आहे. पुलंना हसू येते ते त्याच्या वाचनाचे नव्हे. तो साधे बोलणेही छापील भाषेत करतो, त्याला लेखकांकडून संदेश हवे असतात, वाचलेल्याचा त्याला हिशेब ठेवायचा असतो, याचे ते हसू आहे. म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला आपण मुलांकडून जे जे करवून घेतो, नेमके त्याचेच! सुविचार पाठ करणे, ‘या पुस्तकातून मला काय बोध मिळाला’ हे पानभर लिहिणे, महिन्यात किती पुस्तके वाचली याचा तक्ता भरणे. आपण गटणे घडवण्याचा कारखाना काढतो आणि वर गटण्याला हसतो. पुलं मात्र त्याच्यावर पुढे माया करू लागतात, आणि ते व्यक्तिचित्र संपता संपता वाचकही करू लागतो.

राहिली ती भिंतीवरची दोन इंग्रजी पोरे. ‘हॅरी पॉटर’ मालिकेतली हर्मायनी ही नियम पाळणारी, पहिला नंबर न सोडणारी मुलगी म्हणून शाळांना आवडते. पण १९९८ साली आलेल्या दुसऱ्या भागात तिला शाळेच्या ग्रंथालयाच्या निषिद्ध विभागातले एक पुस्तक हवे असते आणि त्यासाठी शिक्षकाच्या सहीची चिठ्ठी लागते. ती सही ती आत्मस्तुतीत बुडालेल्या एका शिक्षकाकडून मिळवते, जो आपल्याच पुस्तकाची तारीफ ऐकून इतका खूश होतो की कशावर सही करतो आहे हे पाहतसुद्धा नाही. रोआल्ड डाल यांची मटिल्डा १९८८ ची. आई खेळायला बाहेर गेली की ही चार वर्षांची मुलगी एकटी चालत गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाते. मुलांच्या विभागातली सगळी पुस्तके संपल्यावर ती मिसेस फेल्प्स या ग्रंथपालबाईंना विचारते की आता काय वाचू. बाई क्षणभर गोंधळतात, मग डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ काढून देतात. त्या तिला सारांश विचारत नाहीत, हे तुझ्या वयाचे नाही असे म्हणत नाहीत, आणि पुढे एवढेच सांगतात की पुस्तके घरीही नेता येतात. मटिल्डाचे वडील ग्रंथालयाचेच एक पुस्तक फाडून टाकतात तो प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात, धंद्यामुळे असेल, फेल्प्सबाई राहिल्या. सगळ्या नोकरीत मला जमले असते तर तेवढेच जमायला हवे होते.

कारण आपल्या शाळांतली परिस्थिती काय आहे? अनेक ठिकाणी ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, त्याला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते शिक्षक त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले. वाचन प्रेरणा दिनाला पुस्तके बाहेर निघतात, वाटली जातात, छायाचित्र होते, मोजून परत घेतली जातात. एका शाळेत तर मी कपाटातली पुस्तके आलेल्या दिवशीच्या प्लास्टिकच्या वेष्टनासह पाहिली. दाखलनोंद वहीत प्रत्येकाचा क्रमांक मात्र बिनचूक होता. याचा सगळा दोष शिक्षकांवर टाकणे बरोबर होणार नाही. पुस्तक हरवले, फाटले, तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यांना द्यावे लागते, आणि भरपाईची भीती असलेला माणूस कपाट उघडे ठेवणार नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम ‘पुस्तके वापरासाठी असतात’ असा आहे. हे मुद्दाम सांगावे लागले, यावरून पुस्तके जपून ठेवण्याची सवय किती जुनी आहे ते दिसते.

आमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलार गावात, मे २०१७ पासून लोकांच्या घरांत आणि देवळांत पुस्तके उघड्यावर मांडलेली आहेत. कोणीही यावे, हवे ते काढावे, बसून वाचावे. सहलीला आलेली मुले तिथे काय करतात हे एकदा उभे राहून पाहण्यासारखे आहे. पहिली काही मिनिटे ती परवानगीच्या अपेक्षेने मोठ्यांकडे बघत राहतात. मग एखादा धीट मुलगा मांडणीवरचे सर्वांत जाड पुस्तक काढतो, ते त्याच्या उपयोगाचे नसते, तो परत ठेवतो आणि दुसरे काढतो. निवडणे असे शिकले जाते.

म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती साधी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी अशी तरतूद आहे की वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी समजावी, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हे नियम जिल्हा परिषदांच्या आणि अनुदानित शाळांना आपोआप लागू होत नाहीत. तशाच अर्थाचे स्पष्ट परिपत्रक राज्याने शालेय ग्रंथालयांसाठी काढावे, हरवलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून केली जाणार नाही असे त्यात लिहावे, आणि मधल्या सुट्टीत कपाट उघडे राहील एवढी एक अट घालावी. पुढच्या १५ ऑक्टोबरपूर्वी हे झाले, तर त्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी पाहुणे बोलावले नाहीत तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल,
वाई, जि. सातारा